ओंडक्यांवरचा रस्ता

केर्त्तू पल्लारीचं म्हणणं कुणी खोडून काढलं तर ती सहसा हसण्यावारी न्यायची. मासे धुरावर किती वेळ ठेवावेत, बटाटे कधी लावावेत, यावर लोकांनी काहीही बोलावं. साल्मिवारा या आमच्या गावाच्या रस्त्याबद्दल मात्र नाही. या चौदा किलोमीटरवर तिने एकतीस हिवाळे बर्फ लोटणारा ट्रक चालवला होता. सगळ्या खेपा एकापुढे एक मांडल्या असत्या तर पृथ्वीला दोन प्रदक्षिणा सहज झाल्या असत्या, आणि त्यातली निम्म्याहून जास्त वाट अंधारात, कारण आमच्याकडे लॅपलंडमध्ये डिसेंबरात दुपारी बारालाही दिवे लावूनच गाडी हाकावी लागते.

म्हणून जुलैतल्या त्या सोमवारी ओउलू शहरातून आलेला इंजिनियर विल्यामी नकाशावर बोट ठेवून म्हणाला की हिलासुओच्या दलदलीवरचा रस्ताही बाकीच्यासारखाच वीस सेंटिमीटर खोल दळायचा, तेव्हा केर्त्तूने हातातला कॉफीचा कप खाली ठेवला. विल्यामी एकोणतीस वर्षांचा, उंच, चष्मेवाला, आणि बोलायला मवाळ. ओउलू आम्हाला दक्षिणेत वाटतं. तिथल्या माणसाला आम्ही अर्धा परदेशी समजतो, पण कॉफी देतो.

"सगळा नाही," केर्त्तू म्हणाली. "मधले सत्तर मीटर सोडून."

काम तसं साधं होतं, आणि सरकारने केलेलं असूनही शहाणपणाचं होतं. नवी खडी आणायची तर खाण एकशे चाळीस किलोमीटरवर. त्यापेक्षा जुनाच रस्ता जागच्या जागी दळायचा, त्यात तापलेलं डांबर थोड्या पाण्याने फेसाळून कालवायचं, आणि वरून रोलर फिरवायचा. हे दळण करणारं यंत्र आमच्या शाळेपेक्षा लांब होतं. गावाने पहिल्याच दिवशी त्याचं नाव जातं ठेवलं. जात्यावर पेंत्ती बसायचा. पासष्टीचा, ढेरपोट्या, लॅपलंडमधले निम्मे रस्ते दळून झालेला माणूस. फेसाळलेलं डांबर थंडीत धरत नाही, त्यामुळे हे सगळं ऑगस्ट संपायच्या आत उरकायचं. नंतर वीस वर्षं आमच्याकडे कुणी ढुंकूनही बघणार नव्हतं.

केर्त्तू सांगत होती ती गोष्ट ओंडक्यांची. हिलासुओ ही नऊशे मीटर रुंद दलदल आहे, आणि तिच्या सगळ्यात खोल जागी रस्त्याखाली पाइनचे ओंडके आडवे घातलेले आहेत, एकाला एक खेटून. दुसऱ्या महायुद्धात जळालेल्या गावात लोक परत आले तेव्हा त्यांनी ते घातले. त्यात केर्त्तूचा आजा होता. ओल्या चिखलात दबलेलं लाकूड कुजत नाही, आणि त्या लाकडांवर तो रस्ता तराफ्यासारखा पंचाहत्तर वर्षं तरंगत होता. वरचा भराव जेमतेम अठरा सेंटिमीटर. जात्याचे दात वीसवर.

ओंडके तोडले की काय होतं हे शोधायला गावाला इंजिनियर नको होता. याच रस्त्यावर शहराच्या बाजूला एक धाकटी दलदल आहे. तिथेही ओंडके होते. बावीस वर्षांपूर्वीच्या दुरुस्तीत ते खोदून काढले गेले, आणि तेव्हापासून दर एप्रिलात बर्फ वितळलं की तिथे रस्ता खीर व्हायचा. नऊ वर्षांपूर्वी अशाच एका एप्रिलात केर्त्तूच्या नवऱ्याला, ताइस्तोला, अर्धांगाचा झटका आला. रुग्णवाहिका वेळेवर निघाली, आणि धाकट्या दलदलीत दारापर्यंत रुतली. केर्त्तूने ट्रकला साखळी लावून ती ओढून काढली तोवर तीन तास गेले होते. ताइस्तो वाचला. त्याचा डावा हात वाचला नाही. ताइस्तो अकॉर्डियन वाजवायचा, आणि अकॉर्डियनला डावा हात लागतोच.

या उन्हाळ्यात धाकट्या दलदलीत दगड भरून झाले होते. जिल्ह्याने दिलेले सगळे दगड तिथेच संपले. हिलासुओ फुटली असती तर भरायला काहीच उरलं नव्हतं, आणि हिलासुओच्या पलीकडे अख्खं गाव होतं.

विल्यामीने हे सगळं नीट ऐकून घेतलं. त्याच्याकडे रडारचा कागद होता, पण रडारची गाडी भर पावसात फिरली होती आणि कागदावर सगळी दलदल सारखीच धूसर दिसत होती. त्याने सरळ सांगितलं की ओंडक्यांवर तो आठच सेंटिमीटर दळेल आणि वरून पोलादी जाळी अंथरेल. जाळी मात्र ऐंशी मीटरच आहे. नऊशे मीटर उथळ दळला तर पहिल्या लाकूडवाहू ट्रकखाली रस्ता फाटेल.

"म्हणजे मला नेमकी जागा हवी," तो म्हणाला. "कुठून कुठपर्यंत?"

"चल, दाखवते. खूण आहे."

खूण कसली, तर जोडकाठ्यांची. ऑक्टोबरात जमीन गोठायच्या आत रस्त्याच्या दोन्ही कडांना काठ्या रोवतात, म्हणजे बर्फ लोटणाऱ्याला रस्ता कुठे संपतो ते कळतं. ओंडके जिथे सुरू होतात आणि जिथे संपतात तिथे मार्चमध्ये जमीन फुगून उंचवटा येतो. पातं त्याच्यावर आपटलं तर ट्रकसकट माणसाचे दात खिळखिळे होतात. म्हणून त्या दोन जागी केर्त्तू दोन काठ्या फुलीसारख्या बांधून रोवायची, त्यांच्यामधून पातं उचलून जायची आणि उन्हाळ्यातही त्या तशाच ठेवायची. उन्हाळ्यात तो उंचवटा पार बसतो. जुलैत हिलासुओ टेबलासारखी सपाट असते.

ती हिलासुओवर उतरली, पन्नास पावलं चालली आणि थांबली. काठी नव्हती. जोडकाठी नव्हती, एकटी काठी नव्हती, एक काडीसुद्धा नव्हती. रस्त्याच्या दोन्ही कडा विंचरल्यासारख्या स्वच्छ होत्या.

हे कुणी केलं ते केर्त्तूला पक्कं ठाऊक होतं. मे महिन्यात, इंजिनियर पाहणीला येणार म्हणून, गावाने श्रमदान काढलं होतं. आमच्याकडे पाहुणा येणार म्हटलं की आधी अंगण झाडतात, आणि चौदा किलोमीटरचा रस्ता हे आमचं अंगण. शेहेचाळीस माणसं, दोन ट्रॅक्टर, दिवसभर काम. काठ्या, बाटल्या, टायरचे तुकडे, सगळं उचललं. शेवटी सॉसेज भाजले आणि सगळ्यांनी एकमेकांची पाठ थोपटली. या श्रमदानाची टूम काढली होती केर्त्तूनेच. कॉफीही तिनेच उकळली होती. हिलासुओच्या काठ्या उपटायला शाळेची पोरं पाठवली आणि जोडकाठ्या सोडा म्हणून सांगायचं राहिलं. दोन वाक्यांचं काम होतं.

वरच्या भेगांवरून जागा ओळखता आली असती, पण आदल्या आठवड्यात पेंत्तीने वरचा थर खरवडून ठेवला होता.

"हरकत नाही," केर्त्तू म्हणाली. "मला अंदाजाची गरज नाही. ते बघ, ते वाकडं पाइनचं झाड. तिथून सुरू."

विल्यामीने खोदयंत्र बोलावलं. खड्डा झाला. खडी निघाली, खाली वाळू निघाली, त्याखाली गोटे. लाकूड नाही. केर्त्तू म्हणाली, जरा पुढे. दुसरा खड्डा झाला. त्यातही तेच, वर थोडं पाणी. खोदयंत्रावरच्या माणसाने सिगारेट पेटवली. न बोलता माणसाला खाली कसं बसवावं हे आमच्या लोकांना चांगलं जमतं.

विल्यामीने हात पुसले. तो उर्मट नव्हता, ही सगळ्यात वाईट गोष्ट होती, कारण उर्मट माणसावर तिला चिडता तरी आलं असतं. त्याने समजावून सांगितलं की रस्त्याची अशी चाळण करून चालणार नाही, भरलेला प्रत्येक खड्डा वसंतात खचतो. उद्या दुपारी बाराला डांबराचा टँकर येईल. तीनशे किलोमीटरवरून येणारं गरम डांबर थांबवून ठेवता येत नाही. तोवर जागा मिळाली तर जाळी तिथे. नाही मिळाली तर त्याला कागदाप्रमाणे वीसने दळावं लागेल.

"अजून एक खड्डा देतो," तो म्हणाला. "एकच. विचार करून सांगा."

घरी ताइस्तोने माशाचं सूप गरम करून ठेवलं होतं. एका हाताने तो सगळं करायचा, फक्त पाव केर्त्तूने कापायचा. बोलणं त्याचं सावकाश झालं होतं. धार मात्र गेली नव्हती.

"किती खड्डे?" त्याने विचारलं. बातमी तिच्याआधी घरी पोचली होती.

"दोन."

"काय निघालं?"

"माझी अब्रू."

तो हसला नाही. त्याने तिच्या वाटीत सूप वाढलं आणि तिचं जेवण होईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला. केर्त्तू जेवता जेवता बोलत होती. तिला काही केल्या उलगडत नव्हतं. एकतीस वर्षं, आणि जागा सापडू नये? मग तिचं तिलाच उमगलं, आणि ते कबूल करणं तिला जड गेलं. तो रस्ता तिने कामाच्या नजरेने कधी उन्हाळ्यात पाहिलाच नव्हता. उन्हाळ्यात ती जंगलातल्या यंत्रावर असायची, नाहीतर दलदलीत हिला नावाची पिवळी फळं वेचत. रस्ता तिचा होता तो अंधारातला, दिव्याच्या झोतातला तीस मीटरचा तुकडा. ते वाकडं झाड तिने ट्रकमधून एकदाही पाहिलं नव्हतं. सकाळी तिथे उभं राहिल्यावर ते तिला ओळखीचं वाटलं, एवढंच.

"म्हणजे मी शेखी मिरवली," ती म्हणाली. "आणि उद्या आजोबांच्या ओंडक्यांचा भुगा होणार. मग एप्रिलात पुन्हा कुणीतरी आजारी पडेल, आणि मी पुन्हा साखळी घेऊन धावत सुटेन. मला ते परत नाही करायचं, ताइस्तो. त्या तीन तासांचं मला अजून स्वप्न पडतं."

हे ती नऊ वर्षांत पहिल्यांदा बोलली. ताइस्तोने मान हलवली. त्यालाही पडायचं, पण ते त्याने सांगितलं नाही.

ती उठून भांडी घासायला लागली. भांडी घासताना ती गुणगुणायची. तिचं गाणं नेहमी एकच: लग्नाच्या आधीच्या उन्हाळ्यात ताइस्तोने बसवलेला वॉल्ट्झ, तीन ठेक्यांचा, संथ. तळ्याकाठच्या नाचाच्या मांडवात तो दर शनिवारी वाजायचा, आणि एका शनिवारी तर तो वाजत असतानाच केर्त्तू वादकाशी लग्न करायला तयार झाली. ट्रकमध्ये झोप येऊ नये म्हणून ती हाच वॉल्ट्झ गुणगुणायची.

"थांब," ताइस्तो म्हणाला.

ती थांबली.

"परत म्हण. पहिल्यापासून."

"आता गाणं ऐकायचंय तुला?"

"म्हण ना."

ती म्हणायला लागली. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत सूर वर चढायला लागतो तिथे तिचा उजवा हात, त्यातल्या ताटलीसकट, कोपरातून वर गेला आणि तिथेच राहिला.

"हे," ताइस्तो म्हणाला. "हे तू दर वेळी करतेस. कितीतरी वर्षं बघतोय मी. त्या जागेवर आलीस की हात वर. मला वाटायचं, तिथे तुला नाचावंसं वाटतं."

केर्त्तूने हाताकडे बघितलं. फेस मनगटावरून कोपराकडे ओघळत होता. ट्रकमध्ये त्या हाताखाली पातं उचलायचा दांडा असतो.

"मी गावाकडे परत येताना हिलासुओआधीच्या पुलावर सुरू करते," ती हळूच म्हणाली. "पुलाच्या लोखंडी सांध्यावर पातं खणकन वाजतं, तिथे. नेहमी तिथेच."

मंगळवारी सकाळी आठला साल्मिवारात जुलैच्या उन्हात बर्फाचं पातं लावलेला ट्रक निघाला. बघायला सगळं गाव बाहेर आलं. कुणीतरी ओरडून विचारलं की आज किती बर्फ पडणार आहे. केर्त्तूने खिडकीतून उत्तर दिलं की तुझ्या डोक्यावर पडेल एवढा. अंगाला मात्र तिच्या घाम फुटला होता.

पुलावर विल्यामी आणि पेंत्ती उभे होते. तिने काय करायचं ठरवलंय ते तिने सांगितलं, अगदी सरळ, जसं कुणी हवामान सांगावं. पेंत्तीने टोपी मागे सारली आणि तो विल्यामीच्या तोंडाकडे बघत राहिला, कारण त्या तोंडावर काय उमटतं ते त्याला बघायचं होतं.

"गाणं म्हणून," विल्यामी म्हणाला.

"गुणगुणून."

"आणि हे खिडक्यांना काय लावलंय?"

"घोंगड्या. मला फक्त समोरचे तीस मीटर दिसले पाहिजेत. झाडं दिसली की मी बिघडते, ते काल बघितलंस तू."

विल्यामीने बराच वेळ चष्मा पुसला. समोरची अर्धी काच उघडी आहे ना, एवढीच त्याने खात्री करून घेतली. तो रंगाचा डबा घेऊन गाडीत बसला आणि दलदलीकडे गेला. या पोराचं पुढे भलं होईल असं पेंत्ती तेव्हाच म्हणाला.

ताइस्तो केर्त्तूच्या शेजारी बसला होता. त्याला वर चढवायला दोघं लागले, पण त्याने ऐकलं नाही. माझी चाल आहे, मी येणार, म्हणाला.

पूल ओलांडून तिने ट्रक गावाकडे वळवला. तिसरा गिअर. काटा तीसवर. पुलाच्या सांध्यावर पातं खणकन वाजलं आणि केर्त्तूने सूर धरला. पहिली फेरी. दुसरी. घोंगडीखालून रस्त्याचा करडा तुकडा सरकत येत होता, आणि जुलै असूनही तिला हिवाळ्यात असल्यासारखं बरं वाटलं. तिसऱ्या फेरीत हात आपोआप वर गेला, दांडा उचलला गेला, पातं वर. तिने ब्रेक दाबला. विल्यामी धावत आला आणि त्याने पात्याखाली लाल रेघ मारली.

"लवकर उचललंस," ताइस्तो म्हणाला.

"मी नाही, हाताने उचललं. हात काय खोटं बोलतो?"

"हात नाही. गळा. तू घाबरली आहेस, आणि घाबरलीस की तू पळतेस. माझ्या वॉल्ट्झवर कुणी असं पळवलं असतं तर नाचणारे पाय अडकून पडले असते."

"मी नेहमीसारखंच म्हटलं."

"मी शनिवारी शनिवारी चारशे वेळा वाजवलंय ते, केर्त्तू. तू शिकवू नकोस मला."

तिला राग आला. तो राग मोठा होता आणि त्यातला फारच थोडा ताइस्तोवरचा होता. तिने ट्रक वळवला, पुलापलीकडे नेला, पुन्हा वळवला. ताइस्तोने उजव्या हाताची बोटं समोरच्या फळीवर ठेवली.

"या वेळी मी ठेका देतो. तू फक्त मागून ये."

खणकन. ताइस्तोची बोटं पडायला लागली. एक दोन तीन, एक दोन तीन. किती संथ, केर्त्तूला वाटलं, इतका संथ होता हा? मग तिला आठवलं की होता. एवढा संथ होता की नाचताना माणसाला समोरच्याचा चेहरा बघायला वेळ मिळायचा. तिने त्या बोटांच्या मागे सूर टाकला. पहिली फेरी. दुसरी. लाल रेघ चाकाखालून गेली आणि हात जागचा हलला नाही. रेघेच्या पुढे बरंच गेल्यावर सूर वर चढला, हात वर गेला, पातं वर, आणि तिने भोंगा वाजवला. तसाच सूर धरून ती पुढे गेली, आणि जिथे हात आपोआप खाली आला तिथेही तिने थांबून भोंगा वाजवला.

विल्यामीने त्या दोन्ही जागी रेघा मारल्या आणि फीत धरली. पहिल्या आणि दुसऱ्या रेघेत अडतीस मीटरचं अंतर होतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या रेघेत एकाहत्तर मीटर. त्या एकाहत्तरकडे तो जरा जास्तच वेळ बघत राहिला, कारण सत्तर हा आकडा केर्त्तूने काल कॉफी पिताना सांगितला होता.

"खड्डा एकच आहे," तो खिडकीखाली येऊन म्हणाला. "पहिल्या रेघेवर खणू की दुसऱ्या?"

अकरा वाजायला आले होते. टँकर कुठेतरी वाटेत होता. चुकीची जागा निघाली असती तर जाळी अडतीस मीटर अलीकडे पडली असती आणि निम्मे ओंडके जात्याच्या तोंडी गेले असते. केर्त्तूने स्वतःच्या हाताकडे बघितलं, मग शेजारी. ताइस्तोची बोटं अजून फळीवरच होती. तो काही सुचवत नव्हता. त्याने बोटंही हलवली नाहीत.

"दुसऱ्या," ती म्हणाली. "ठेका त्याचा आहे."

खोदयंत्राने वरचा थर बाजूला केला. खडी. दुसरा घास, खडी आणि वाळू. तिसऱ्या घासाला बादली आत शिरायची थांबली आणि खालून एक दबका, भरीव आवाज आला. दगडावर बादली करकरते. हा आवाज तसा नव्हता. खोदयंत्रावरच्या माणसाने यंत्र बंद केलं. विल्यामी खड्ड्यात उतरला, गुडघ्यावर बसला आणि हाताने चिखल बाजूला करायला लागला. लाकूड निघालं. तांबूस, ओलं, कुऱ्हाडीचे घाव अजून दिसतील इतकं शाबूत. राळेचा वास वर ट्रकपर्यंत आला.

पेंत्तीने टोपी काढली. आमच्याकडे टोपी चर्चमध्ये काढतात, नाहीतर जेवताना.

"तीस टनांचं जातं," तो म्हणाला, "आणि त्याला वाट दाखवली एका पेटीवाल्याने."

केर्त्तू खाली उतरली, खड्ड्याशी गेली आणि ओंडक्यावर हात ठेवून तशीच बसून राहिली. ती रडली. तिने ते लपवलं नाही, आणि लोकांनी बघितलं नाही असं दाखवलं, जशी आमची रीत आहे. विल्यामी बाजूला वळून जाळीसाठी फोन करायला लागला. त्या दिवशी दुपारी टँकर आला, जातं नऊशे मीटर चाललं, आणि त्या एकाहत्तर मीटरवर पेंत्तीने दात वर घेऊन ते एवढं हळू नेलं की पोरं त्याच्या पुढे चालत होती. ऑगस्टच्या बावीस तारखेला रस्ता पुरा झाला. ऑक्टोबरात केर्त्तूने काठ्या रोवल्या तेव्हा हिलासुओवर दोन जोडकाठ्या पुन्हा उभ्या राहिल्या, आणि त्यांना हात लावणाऱ्याचं काय होईल हे तिने शाळेत जाऊन समजावून सांगितलं.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ताइस्तोची इस्पितळात तपासणी होती. तारीख इस्पितळाने दिली होती. इतकी वर्षं असं पत्र आलं की केर्त्तू फोन करून तारीख पुढे ढकलायची, कारण एप्रिलात रस्ता नसतो. या वेळी तिने फोन केला नाही. बर्फ वितळत होतं, शेतांत पाणी साचलं होतं, छपरांवरून पाणी ठिबकत होतं. साडेनऊला शहरातून टॅक्सी आली. चालक नवीन होता, तिशीचा, तोंडाची टकळी चालू ठेवणारा. आमच्यात असा माणूस क्वचित निपजतो.

गाव सोडतानाच तो आइस हॉकीबद्दल बोलायला लागला. हिलासुओजवळ आला तेव्हाही हॉकीच चालू होती, गोलरक्षक कसा बिनकामाचा आहे वगैरे. पल्लारी नवराबायको मागच्या सीटवर बसले होते. पात्यासारखं खणकन काही वाजलं नाही, टॅक्सीच्या चाकांखाली पुलाचा सांधा नुसता टक करून गेला, आणि ताइस्तोचा उजवा हात गुडघ्यावर हलायला लागला. एक दोन तीन. गावाकडून निघालं की पूल हिलासुओनंतर येतो, त्यामुळे ओंडके केव्हाच मागे पडले होते. केर्त्तूच्या हे लक्षात आलं आणि तिने मागच्या काचेतून बघितलं. जोडकाठ्या दूरवर उभ्या होत्या. मधला रस्ता काळा, कोरडा आणि सपाट होता.

"तू मला आधी का नाही सांगितलंस?" ती ताइस्तोला कुजबुजली. "मी त्या माणसाचं हॉकी ऐकत बसले. ओंडके गेले तरी कळलं नाही मला."

"मलाही नाही कळलं," ताइस्तो म्हणाला.

चालकाने आरशातून मागे बघितलं. "काही राहिलं का घरी? वळवू का गाडी?"

"नको," केर्त्तू म्हणाली. "चल तू. राहिलंय ते संध्याकाळी येताना बघू."

तिने ताइस्तोचा डावा हात आपल्या मांडीवर घेतला, आणि मग गोलरक्षकाचं पुढे काय झालं ते चालकाला विचारलं.